तिसरं नाव

गणपतदादांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आमच्या आळीत तो कोणीच पाहिलेला नव्हता. तरी सगळे त्यांना दर्यादादा म्हणायचे, आणि लढाईच्या त्या वर्षांत रॉकेल आणि रेशनच्या गव्हाइतकंच बोलणं आमच्या ओट्यावर गलबतांचं चालायचं. ते कसं सुरू झालं आणि कुठे जाऊन थांबलं, हे मी जवळून पाहिलं. पण नीट सांग म्हटलं तर मला अजून सांगता येत नाही. कोण गेलं आणि कोण राहिलं, इथेच माझं सगळं अडतं. तरी आठवतं तसं लिहून ठेवते. कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे चुकलं तरी चालेल.

नगरला माळीवाडा वेशीच्या आत आमची धाब्याची घरं एका ओळीत होती. दादांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि पुढचा ओटा दोघांचा मिळून. आमचे ‘हे’ मिल्ट्रीच्या कँपात शिवणकामाला जात, ते दिवसभर बाहेर. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि बोलायला भित्री. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, हो म्हणून किंवा नाही म्हणून. तेवढंच माझं उत्तर.

दादा जातीने सुतार, मूळचे देवळाली प्रवऱ्याचे. पण पटाशी त्यांनी कधी हातात धरली नाही. सगळी नोकरी पोस्टात, पत्रं वाटण्यात गेली. पेन्शनीत निघाले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. पिशवीच्या वजनाने एक खांदा खाली गेला होता तो तसाच राहिला. खाकी कोट उन्हाळ्यातसुद्धा अंगात असायचा. कोणाच्या दाराची कडी म्हणून ते वाजवायचे नाहीत. दाराच्या एका बाजूला उभं राहायचं आणि पाकिटावर असतं तसं पुरतं नाव घ्यायचं. स्वतःच्या घरीसुद्धा तेच.

“सौभाग्यवती सरस्वतीबाई गणपत सुतार, च्या हाय का?”

आतून काकू म्हणायच्या, “पत्ता चुकला तुमचा. दूध संपलंय.”

मग थोड्या वेळाने चहा यायचाच.

“पत्ता पुरा असला की माणूस सापडतोच,” हे दादांचं ठरलेलं बोलणं. त्यावर ते एक गोष्ट सांगायचे. राहुरी पोस्टात असताना त्यांच्या पिशवीत एक कार्ड आलं. पत्ता, ‘चिंचेखालच्या म्हातारीस, देवळाली प्रवरा’. गावात चिंचा पुष्कळ आणि म्हाताऱ्याही पुष्कळ. कार्डावरचा मजकूर दादा कधी वाचायचे नाहीत, तो त्यांचा नेम. म्हणून ते एकेका चिंचेखाली जाऊन म्हाताऱ्यांना विचारत सुटले, “आजी, तुमाला कोन लिवील?” कोणी लेकाचं नाव सांगे, कोणी रडायलाच लागे. शेवटी एक म्हातारी सापडली, तिच्या दारात चिंच नव्हतीच. ती कधीच तोडून नेली होती. “झाड गेलं, पर चिंचंखालची म्हातारी तीच,” असं म्हणून दादा मांडीवर थाप मारायचे.

काकू आतून म्हणायच्या, “आन त्या कार्डात काय हुतं त्ये इचारा. जावयानं कळवलं हुतं, म्हैस मेली.”

माझा त्यांच्याशी संबंध आला तो वाचण्यापायी. काकूंना अक्षर येत नव्हतं आणि दादांना आता वाचण्याइतकं दिसत नव्हतं. मी मराठी चौथी शिकलेली, आणि मोडी तेवढी मला बरी यायची, कारण आमचे गुरुजी रोज एक पान वाचून घेत. दादांना कुठून तरी हे कळलं. एक दिवस ते आमच्या दाराशी बाजूला उभे राहिले, माझं पुरतं नाव घेतलं आणि म्हणाले, “सुनबाई, चार वळी वाचून देशील का?” मी दाराआडून मान हलवली. ते उभेच. मग म्हणाले, “मान हालवलीस का? मला दिसत न्हाई गं आता. तोंडानं बोल.”

मी ‘हो’ म्हटलं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “बोलली गं बाई, बोलली!”

आता मुख्य गोष्ट. पितृपक्षात दादा दर वर्षी पित्रांना पाणी द्यायचे. भटजी एकेक नाव विचारायचे, दादा सांगायचे. बाप तुकाराम, आजा राघोजी, पणजा मल्हारजी. अशी तीनच नावं घ्यायची असतात. चौथ्यापासून पुढचे सगळे एकात मोडतात, त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. दादांनी सगळा जन्म ही तीन नावं अशीच घेतली. मग देवळालीच्या एका लग्नात, अक्षता निवडता निवडता, त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने त्यांना सांगितलं, “गणप्या, मल्हारजी तुझा पणजा न्हवं रं. त्यो पणज्याचा भाऊ. खरा पणजा धोंडजी. त्यो ममईला गेला, गलबतावर सुतारकामाला चढला, आन परत आलाच न्हाई. दर्या वलांडला म्हनून त्याचं नाव घ्यायचं न्हाई असं ठरलं. मागं राहिलेल्या भावानं पोरगं वाढवलं, म्हनून भावाचं नाव लावलं.”

ते पोरगं म्हणजे दादांचे आजोबा राघोजी. आत्या एवढं बोलली आणि त्याच साली वारली. दुसऱ्या कोणाला विचारावं तर तेवढं जुनं माणूस घरात उरलं नव्हतं.

दादा लग्नाहून आले ते खुळ्यासारखे ओट्यावर बसून राहिले. “मंग इतकी वर्सं मी पानी कुनाला पाजलं?” हा एकच प्रश्न.

“प्याला असंल कुनीबी,” काकू म्हणाल्या. “जित्या बायकोला रांजणातला तांब्या भरून द्यायचा न्हाई, आन मेल्याची तहान काढत बसायची.”

दादा हसले नाहीत. त्यांनी बोटं पुढे करून मला समजावलं. मी दाराआड, तरी मलाच समजावलं. “सुनबाई, मी हाय तवर त्यो तिसरा हाय. उद्या मी गेलो की इस्नू नावं घेनार. पयलं माजं, मंग माझ्या बापाचं, मंग आज्याचं. त्यो सरकून भाईर. मंग जगात त्याचं नाव घेनारं त्वांडच न्हाई. एकदा तरी त्याच्या खऱ्या नावानं पानी जाया पायजे.”

विष्णू म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला याचं काही नव्हतं. “कोणीही असला तरी आमचाच ना,” म्हणायचा.

पण दादा पोस्टातले. मुंबईला गोदीच्या बाजूच्या पोस्टात पेडणेकर नावाचा त्यांचा जुना ओळखीचा होता. त्याला त्यांनी कार्ड घातलं, मी लिहिलं. पेडणेकर कोणाला तरी धरून सरकारी दप्तरखान्यात शिरला आणि कंपनी सरकारच्या वेळची गलबतांवरच्या माणसांची पत्रकं पाहायला लागला. तो इंग्रजी उतारे करून पाठवायचा. ते वाचायला उर्दू शाळेतले इनामदार मास्तर यायचे. मास्तर उंच, दाढी मेंदीने रंगवलेली, थट्टेखोर. ओट्यावर पाय ठेवण्याआधीच विचारायचे, “काय नाखवा, आज गलबत कुठवर?”

पत्रं आणणाऱ्या पोस्टमनची दादा सकाळपासून वाट बघायचे. तो वळणावर आला की पावलांच्या आवाजावरून म्हणायचे, “आज पिशवी हलकी हाय त्याची.” पाकीट हातात आलं की आधी वास घ्यायचे. मुंबईच्या पाकिटाला दमट वास येतो म्हणायचे. मला कधी आला नाही.

पहिला उतारा आला तो मला तोंडपाठ आहे, कारण दादांनी मास्तरांकडून तो मराठीत पुन्हा पुन्हा सांगून घेतला आणि मी लिहून ठेवला. ‘धोंडजी, सुतार, राहणार देवळाली, जिल्हा अहमदनगर. निशाणी पटाशी. अरबस्तानच्या वाटेवर ताप येऊन वारला. समुद्रात सोडला.’ लिहिता न येणारी माणसं सहीच्या जागी आपल्या धंद्याचं हत्यार काढत, तशी ही सुताराची पटाशी.

मास्तरांनी वाचणं संपवलं तेव्हा थट्टा केली नाही. दादांनी डोक्यावरची टोपी काढली. थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, “सरसे, पानी काढ. आंगूळ करायची.”

“आत्ता? कशापायी?”

“मयताची खबर आली. ऐकली की आंगूळ करावी लागती. तुला बी.”

“अवो, त्या मानसाला मरून शंभर वर्सं झाली!”

“झाली असतील. कळलं आज.”

काकू बडबडत राहिल्या पण शेवटी दोघांनी अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ केली. काकू ओल्या लुगड्याने ओट्यावर आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, “मास्तर, पुन्यांदा असलं काय वाचायचं असंल तर उन्हाळ्यात वाचा.”

त्या पितृपक्षात दादांनी तिसरं नाव धोंडजी घेतलं. भटजींनी मान वर करून पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला. मला वाटलं झालं, संपलं. दादांनाही तसंच वाटलं असावं. त्यानंतर ते पुष्कळ दिवस शांत होते. एकदा मास्तर भंडारदऱ्याला मेहुण्याकडे निघाले, तो तिथे धरणावर नोकरीला होता. दादा म्हणाले, मलाही न्या. एवढा मोठा जलाशय, समुद्राची काहीतरी कल्पना येईल. अजून त्यांना अंधूक दिसत होतं. दोन दिवस ते धरणाच्या काठावर बसून राहिले म्हणे, मेहुण्याच्या घरी जेवायलाही वेळेवर येईनात. परत आले तेव्हा मी भीत भीत विचारलं, कसं होतं?

“लई मोठं हाय,” दादा म्हणाले. “पर पल्याडचा काठ दिसतो गं. काठ दिसला की मन तिथंच जाऊन बसतं.”

काकू म्हणाल्या, “मंग ममईला जावा ना, पेडणेकर हाय की.”

“न्हाई.” दादांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, “दर्या दिसला आन मला बी जावंसं वाटलं म्हंजी?”

काकू हसल्या, पण पुन्हा कधी त्यांनी मुंबईचं नाव काढलं नाही.

मग पेडणेकरचा दुसरा उतारा आला आणि तिथून गोंधळाला सुरुवात झाली. तो पगाराच्या पत्रकाचा होता, मरणाच्या नोंदीच्या पुढच्या सालचा. त्यात तोच धोंडजी सुतार, देवळालीचा, पगार घेतो आणि पटाशीची निशाणी करतो.

मास्तरांनी दोनदा वाचलं. “नाखवा,” ते म्हणाले, “तुमचा पणजा मेल्यावरही पगार घेतो. सरकारी नोकर असावा तर असा.”

दादांच्या आधी काकूच बाहेर आल्या. “म्हंजी जिता हुता? जित्या मानसाच्या नावानं मला डोक्यावरून आंगूळ घातली?”

“अगं, आता तरी मेलाच असंल की त्यो.”

“आताचं कोन इचारतंय! तवा जिता हुता ना?”

मला हसू आलं, पण दादांचा चेहरा पाहून मी आत गेले. त्यांना तो उतारा खोटा वाटत नव्हता आणि पहिलाही खोटा वाटत नव्हता. “दोन्ही सरकारी हायेत,” म्हणायचे. पोस्टातल्या माणसाला सरकारी कागद चुकतो हे पटायला जड जात होतं. मास्तर म्हणाले, कोणी दुसरा त्याचं नाव सांगून पगार उचलत असेल. दादा म्हणाले, मग मेला तो तरी धोंडजी कशावरून?

हे मला तेव्हा उगाच काढलेलं खुसपट वाटलं. पुढे तेच खरं निघालं, की नाही निघालं, तेही मला सांगता येत नाही.

दादा देवळालीला गेले. तिथल्या कुलकर्ण्यांच्या घरी जुनं दप्तर होतं. त्यातून सुतारांच्या बलुत्याचा एक मोडी कागद त्यांनी हातापाया पडून चार दिवसांसाठी मागून आणला, धोतराच्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून. मी तो ओट्यावर उजेडात धरला. शाई कुठे कुठे उडाली होती, पण अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. मी मनातल्या मनात वाचलं, आणि कागद उजेडाकडे आणखी कलता केला.

“वाच की,” दादा म्हणाले.

मी पुन्हा वाचून पाहिलं. मग वाचलं. ‘मल्हारजी सुतार परागंदा जाहला. सबब गावचे बलुते धोंडजी सुतार याणे घेत जावे.’ खाली निशाणी पटाशी.

“उलटं वाचलंस.”

मी मान हलवली. मग आठवण होऊन तोंडाने म्हटलं, “नाही दादा. तसंच आहे.”

म्हणजे असं झालं. गलबताचे कागद सांगत होते की समुद्रावर गेला तो धोंडजी. आत्याही तेच सांगून गेली होती. आणि गावचा कागद सांगत होता की घर सोडून गेला तो मल्हारजी, धोंडजी तर गावातच राहून खळ्यावरचं धान्य घेत होता. राघोजी गेलेल्याचा मुलगा हे सगळ्यांना कबूल. पण गेलेला कोण, तेच ठरेना. आत्याचं ऐकलं तर दादांनी जन्मभर चुकीचं नाव घेतलं. गावचा कागद धरला तर जन्मभर बरोबर घेतलं आणि एवढं एक वर्ष चुकलं.

मास्तरांनी निशाण्या ताडून पाहा म्हटलं. पण सुतार म्हटल्यावर दोघा भावांची निशाणी एकच, पटाशी. त्यात काय ताडणार?

मास्तरांचा तर्क असा, की मल्हारजी घरातून पळाला आणि कोणी शोधून काढू नये म्हणून भावाचं नाव सांगून गलबतावर चढला. भटजींचं म्हणणं, पूर्वजांच्या भानगडीत फार हात घालू नये. काकूंचा तर्क सगळ्यांत सोपा होता. “दोघंबी गेले असतील. घरात तुमच्यावानी कुनी असल्यावर कोन ऱ्हाईल!”

मलाही एक वाटायचं, पण मी ते बोलले नाही. मला वाटायचं, एक आधी गेला आणि दुसरा त्याला शोधायला गेला. मेला तो एक, आणि पगार घेतला तो दुसरा. पण मग राघोजीला वाढवलं कोणी? हे माझं मला सोडवता येत नव्हतं, तर दादांना काय सांगू?

दादा तो कागद परत देऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांनी ‘पत्ता पुरा असला की’ हे बोलणं सोडलं. एकदाच म्हणाले, “गाव हाय, जात हाय, निशाणी हाय. पत्ता पुरा हाय गं. मानूसच दोन हायेत.”

याच सुमाराला नारळाचा प्रकार झाला. दादांच्या घराण्यात एक चाल होती. नारळी पौर्णिमेला देवळालीत प्रवरेत नारळ सोडायचा. गावात दुसरं कोणी सोडत नसे, तिथे कोळी नाहीत की होड्या नाहीत. लोक हसायचे. का सोडायचा, हे दादांच्या बापालाही माहीत नव्हतं. आत्याचं ऐकल्यावर दादांच्या ध्यानात आलं की हा नारळ गलबतावर गेलेल्यासाठी असणार. तेव्हापासून ते फार मनापासून सोडायचे. दिसत नव्हतं तरी मोटारीने जायचे, काकूंचा हात धरून पाण्यात उतरायचे.

मास्तरांनी एकदा शाळेतला मोठा नकाशा गुंडाळी करून आणला, दादांना गलबताची वाट समजावून द्यायला. ओट्यावर पसरला. दादांना तो काही दिसेना, तेव्हा मास्तरांनी त्यांचं बोट धरून नकाशावर ठेवलं. ही मुंबई. हे अरबस्तान. दादांनी विचारलं, आमची प्रवरा कुठाय? मास्तरांनी बोट उचलून प्रवरेवर ठेवलं आणि सहज पुढे नेलं. प्रवरा गोदावरीला मिळते, गोदावरी इकडे, अशी, उगवतीच्या समुद्राला.

दादांनी बोट काढून घेतलं.

“उगवतीला?”

“हो. मछलीपट्टणच्या वर कुठेतरी.”

“आन त्यो गेला मावळतीला.”

दादांचा चेहरा मला अजून दिसतो. नाव चुकलं असेल नसेल, पण नारळ तर पिढ्यान् पिढ्या उलट्या दिशेला गेला होता. “आमी सगळं उलटंच करीत आलो,” ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे ओठ मुडपून बसले.

मास्तरांनी पुन्हा त्यांचं बोट धरलं. दादा देत नव्हते, तरी धरलं. मुंबईपाशी ठेवलं आणि हळूहळू काठाकाठाने खाली नेलं, खालचं टोक वळवून दुसऱ्या बाजूने वर आणलं, आणि गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे थांबवलं.

“कुठे भिंत लागली का, दादा?”

“न्हाई.”

“दर्या एकच आहे.”

दादांनी मग आपलं आपण बोट फिरवून पाहिलं. नकाशाबाहेर जात होतं, ओट्याच्या सारवणावर जात होतं, मास्तर परत आणून ठेवत होते. “लांबून जातंय,” दादा म्हणाले, “पर जातंय.” काकू दारात उभ्या होत्या. त्या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. आत जाऊन चहा ठेवला, आणि दूधही होतं.

त्यानंतरच्या पितृपक्षात मी आमच्या दारातून सगळं पाहिलं. दादा दक्षिणेकडे तोंड करून बसले होते, बोटात दर्भाची अंगठी, ओंजळीत तीळ आणि पाणी. भटजींनी बापाचं नाव विचारलं, दादांनी सांगितलं. आज्याचं विचारलं, सांगितलं. पणज्याचं विचारलं आणि दादा थांबले.

“मल्हारजी म्हणा,” भटजी म्हणाले. “जन्मभर तेच म्हणत आलात.”

“म्हनलो. पर त्यो घरीच बसला असंल तर?”

“मग धोंडजी म्हणा.”

“आन त्यो घरी बसला असंल तर?”

“दादा, दोन्ही नावं तिसऱ्या जागेवर मावत नाहीत. काहीतरी एक ठरवा. हातातलं पाणी चाललंय.”

खरंच पाणी चाललं होतं. बोटांच्या फटींतून तांब्याच्या ताटात थेंब पडत होते, तो आवाज मला इकडे ऐकू येत होता. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, दादा आता धोंडजी म्हणतील. मग वाटलं मल्हारजी म्हणतील.

दादा म्हणाले, “जो परत आला न्हाई, त्यो. त्याला.”

भटजींनी त्यांच्याकडे बघितलं. असं नाव पोथीत नाही म्हणतील, असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले आणि मंत्र म्हणायला लागले. नावाच्या जागी ते काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही. दादांनी अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडलं.

थंडीत दादा गेले. पुढच्या पितृपक्षात विष्णू पुण्याहून आला आणि त्याच जागेवर बसला. गणपत, तुकाराम, राघोजी. अडखळला नाही. तिसऱ्या जागेवर राघोजी आला होता. मी काकूंना पानं पुसायला मदत करत होते. त्यांचा हात थांबला. “सरकला,” त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा पान पुसायला लागल्या.

मी दादांना शेवटचं पाहिलं ते आदल्या वर्षी, त्या पाणी दिलेल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी मला बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, आणि मी बाळाला घेऊन परत आले तेव्हा दादा नव्हते. त्या पाण्याच्या दिवशी दुपार झाली होती. भटजी जेवून गेले होते, काकू आत आवरत होत्या. मी ओट्यावर वाळत घातलेले कपडे काढायला गेले. दादा तिथे बसले होते, खाकी कोट घातलेला, बोटातली दर्भाची अंगठी काढायची राहिलेली. माझ्या बांगड्या वाजल्या तसे त्यांनी माझं पुरतं नाव घेतलं, पाकिटावर असतं तसं. मग म्हणाले,

“सुनबाई, पत्ता तर आर्धाच घातला. पोचलं असंल का गं पानी त्याला?”

मी कपडे हातात धरून उभी राहिले. मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही. दादा माझ्या बाजूला तोंड करून, एक कान पुढे करून, तसेच बसून राहिले.